ॲम्बॅसेडरचं मागचं डिफरन्शियल: अमळनेरच्या शेडमधल्या नोंदी

८ डिसेंबर २०२४, रविवार

गाडी हिंदुस्तान ॲम्बॅसेडर मार्क ३, १९७८ ची, १४८९ सीसी पेट्रोल. घरचीच. काकांच्या वेळी घेतलेली, माझ्याकडे आल्यापासून इंजिन आणि ब्रेक झाले, मागच्या एक्सलला, म्हणजे इंजिनची ताकद मागच्या चाकांत वाटणाऱ्या डिफरन्शियलला, मात्र कुणी हात लावलेला नव्हता. निदान आमच्या माहितीत तरी नाही.

तक्रार अशी की चाळिसच्या पुढे मागून घरघर सुरू होते आणि साठपर्यंत वाढत जाते. शिवाय पहिल्या गिअरला क्लच सोडला की खाली एक ठोका बसतो. आज घरघरीचाच माग काढायचा म्हणून पारोळ्याच्या रस्त्याने गेलो. मिस्त्री आबांना शेजारी घेतलं. त्यांचं म्हणणं एकच होतं, "भाऊ, आधी ऐक. दात कोठे बोलस आन बेरिंग कोठे बोलस ते समजनं म्हनजे आर्धं काम व्हयनं."

म्हणून नुसतं ऐकलं. ॲक्सिलरेटर दाबून, सोडून, आणि मधेच वेग तोलून धरून. क्राऊन-पिनियनचे, म्हणजे डिफरन्शियलमधलं मोठं दातेरी चाक आणि त्याला फिरवणारं छोटं या जोडीचे, दात खराब असले तर आवाज सहसा यातल्या एकाच अवस्थेत येतो: ओढताना किंवा सोडल्यावर. आपला आवाज दोन्हीत सारखाच, वेगाबरोबर चढणारा. मोकळ्या पट्ट्यात स्टिअरिंग डावी-उजवीकडे हलकं झुलवून पाहिलं. चाकाचं बेअरिंग गेलं असेल तर त्या बाजूवर भार आल्यावर आवाज बदलतो. बदलला नाही. न्यूट्रलमध्ये गाडी सोडली तरी घरघर तशीच, म्हणजे इंजिन-क्लच संशयातून सुटले.

निघताना थंडीत आवाज कमी होता, परत येताना जास्त. तेल गरम होऊन पातळ झालं की ढिलं बेअरिंग जास्त बोलतं. संशय पिनियनच्या बेअरिंगवर. मोबाईलवर पन्नासच्या वेगाला रेकॉर्डिंग करून ठेवलं आहे.

१५ डिसेंबर

मागची बाजू उचलून घोड्या लावल्या, पुढच्या चाकांना दगड. नुसत्या जॅकवर गाडीखाली शिरायचं नाही, हा शेडमधला पहिला नियम. पुतण्या मदतीला आहे म्हणून त्याला हे दोनदा सांगितलं.

ड्रेन प्लग काढण्याआधी फिलर प्लग सुटतो का ते पाहिलं. तेल काढलं आणि मग भरायचा प्लगच हलला नाही, तर गाडी जागेवरच अडकते. सुटला. तेल काळं, जळकट आणि कमी भरलं. तळाला बोटाने चाचपलं तर चिकट राखाडी गाळ, आणि त्यात उन्हात चमकणारे बारीक पापुद्रे. राखाडी गाळ इतक्या वर्षांच्या एक्सलमध्ये असायचाच. पापुद्रे मात्र सहसा बेअरिंगच्या पृष्ठभागाचे असतात. दाताचा तुकडा एकही नाही. गाळ फडक्यात गाळून बाटलीत ठेवला.

या एक्सलची रचना मला फार आवडते. ॲम्बॅसेडर मुळात मॉरिस ऑक्सफर्ड सिरीज ३ वरून आलेली, आणि एक्सलही त्याच घराण्यातलं, बँजो पद्धतीचं. मधलं हाऊसिंग गोल आणि पुढून उघडं, क्राऊन-पिनियनचा सगळा गाभा त्यात पुढून बसवलेला. ड्रम काढायचा, एक्सल शाफ्टचा स्क्रू काढून शाफ्ट बाहेर ओढायचे, प्रॉपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सकडून मागे येणारा दांडा) सोडवायचा, नट काढून अख्खा गाभा हातात घ्यायचा. हब जागच्या जागी राहतात, आणि बाकीचं काम खाली आडवं पडून न करता टेबलावर, उजेडात करता येतं.

प्रॉपेलरच्या दोन्ही फ्लँजवर छिन्नीने जोडखूण केली. गाभा जड आहे, दोघांनी मिळून उतरवला.

२२ डिसेंबर

आजचा दिवस मोजण्याचा. एकही नट सोडला नाही. माझ्या मते या कामात लोक सगळ्यात जास्त घाई इथेच करतात. गाभा हातात आला की बेअरिंग ठोकून काढतात, आणि मग तो कसा बसवलेला होता हे कळायला काही उरत नाही.

आधी डिझेलने धुतला, मग वाऱ्याने सुकवला. क्राऊनचे दात ४१, पिनियनचे ९. म्हणजे गुणोत्तर ४.५६ च्या जवळ. ४१ आणि ९ मध्ये सामाईक अवयव नाही, त्यामुळे पिनियनचा प्रत्येक दात फिरत फिरत क्राऊनच्या प्रत्येक दाताला भेटतो आणि झीज सगळीकडे सारखी वाटली जाते.

आता ८ तारखेचं रेकॉर्डिंग कामाला आलं. चाकाच्या एका फेऱ्यात गाडी साधारण दोन मीटर जाते. पन्नासच्या वेगाला चाक सेकंदाला सातेक फेरे, पिनियन एकतीसच्या आसपास, आणि नऊ दातांनी गुणलं की दात जुळण्याचा सूर २८० हर्ट्झच्या जवळपास येतो. दात रडत असते तर आवाजातले सूर वेगळे दाखवणाऱ्या ॲपमध्ये तिथे उंच सुळका दिसला असता. तिथे जेमतेम टोक आहे, आणि सगळी घरघर खालच्या भागात पसरलेली. कानाने सांगितलं होतं तेच.

डायल गेज लावलं. बॅकलॅश, म्हणजे पिनियन धरून ठेवल्यावर क्राऊन जेवढा मोकळा हलतो तेवढं अंतर, ११ थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग). क्राऊनच्या पाठीवर कारखान्यात कोरलेला आकडा ६ थाऊ. क्राऊनचा वाकडेपणा दीड थाऊ, मर्यादा दोनची, म्हणजे ठीक. पिनियनचा फ्लँज वर-खाली हलवला तर हाताला प्ले लागतो. पिनियन फिरवताना स्प्रिंगकाट्यावर ओढ जवळजवळ शून्य. म्हणजे प्रीलोड, बेअरिंगला मुद्दाम दिलेली आवळ, गेलेला.

बेअरिंगच्या दोन्ही कॅपांवर पंचाने खुणा केल्या, डाव्याला एक टिंब, उजव्याला दोन. या कॅपा हाऊसिंगला लावूनच बोअर केलेल्या असतात, अदलाबदल चालत नाही.

२५ डिसेंबर

गाभा उघडला. पिनियनच्या डोक्याकडचं टेपर (निमुळत्या रोलरचं) बेअरिंग: बाहेरच्या रिंगवर करंगळीच्या नखाएवढा पट्टा, तिथे पृष्ठभागाचे टवके उडालेले. रोलरवरही खड्डे. फ्लँजकडचं बेअरिंग दिसायला बरं, पण निळसर पडलेलं. बाजूची दोन्ही बॉल बेअरिंग खरखरीत. ठोक्याचं कारणही सापडलं: आतल्या सन गिअरमागचा (हा चाकाचा शाफ्ट फिरवणारा छोटा गिअर) एक ब्राँझचा थ्रस्ट वॉशर, म्हणजे बाजूचा रेटा झेलणारी चकती, चिरलेला, दुसरा कडेला कागदासारखा पातळ. आडवी पिन मात्र बरी, नखाला पायरी लागत नाही.

दात मी भिंगाखाली एकेक करून पाहिले. चकाकी एकसारखी, खड्डा नाही, काठ तुटलेला नाही, ओरखडे नाहीत. दाताच्या मध्यावर घासल्याची मऊ झळाळी, टोकापर्यंत गेलेली नाही.

यावर शेडमध्ये बरीच चर्चा झाली. ओळखीच्यांपैकी बहुतेकांचं मत की एवढं उघडलंच आहे तर क्राऊन-पिनियनचा नवा सेट टाकून मोकळं व्हा. काहींनी भंगारातून अख्खा गाभा आणायला सांगितलं. मला दोन्ही पटलं नाही.

क्राऊन आणि पिनियन कारखान्यात एकमेकांवर घासून जोडी म्हणून तयार होतात, दोघांवर एकच जोडनंबर कोरतात. ही हायपॉईड जोडी आहे. पिनियनची मध्यरेषा क्राऊनच्या मध्यापेक्षा खाली असते. पॅकार्डने १९२६ मध्ये हे मोटारीत आणलं, त्यामुळे प्रॉपेलर खाली गेला आणि गाडीचा तळही. पण या तिरकस भेटीत दात एकमेकांवर नुसते लोळत नाहीत, लांबीभर घसरतातही. त्यामुळे वर्षानुवर्षांत दोघांचे पृष्ठभाग एकमेकांना पुरते सरावतात. या जोडीचा दात शाबूत आहे, नंबर जुळतो, आवाज बेअरिंगचा आहे. चांगली जोडी काढून अनोळखी सेट बसवला तरी शिमांचं (अंतर जुळवणाऱ्या पातळ चकत्यांचं) सगळं काम करावंच लागेल, आणि तो गप्प राहील याची खात्री कुणी देणार नाही. भंगारातल्या गाभ्याचा तर इतिहासच माहीत नसतो. ॲम्बॅसेडरचा उत्तरपाड्याचा कारखाना २०१४ ला थांबला, आता अशा मूळ जोड्या वाढणार नाहीत. आबांनी पिनियन हातात फिरवून पाहिलं आणि म्हणाले, "जोडी चांगली शे, मोडू नको." ठरलं. जोडी तीच, बेअरिंग, वॉशर, सील नवे.

संध्याकाळी आबांच्या मळ्यात भरीत होतं. बामणोदची वांगी, काड्यांवर भाजलेली, सोबत कळण्याची भाकरी. गाभ्याचा विषय तिथेही सुटला नाही.

२९ डिसेंबर

जळगावला बेअरिंगसाठी. जुन्या रिंगांवरचे नंबर लिहून नेले होते. गाडीचं नाव सांगून बेअरिंग मागू नये, नंबर सांगावा. पिनियनच्या डोक्याकडचं बेअरिंग मुद्दाम एक जास्तीचं घेतलं, कारण पुढे येईल. खोक्यावर नामांकित छाप असूनही एका दुकानातल्या रिंगवरची अक्षरं पुसट आणि तिरकी होती, ते तसंच परत ठेवलं.

५ जानेवारी २०२५

लेथवाल्या अण्णांकडे दोन कामं. पिनियनच्या फ्लँजवर ऑइल सीलने पाडलेली चर पॉलिश करून घेतली, आता नखाला लागत नाही. आणि जास्तीच्या बेअरिंगचं आतलं भोक किंचित घासून घेतलं, म्हणजे ते पिनियनवर हाताने सरकतं.

हे घासलेलं बेअरिंग चाचणीपुरतं. पिनियनची खोली ठरवणारा वॉशर पिनियनच्या डोक्याच्या आणि या बेअरिंगच्या मध्ये बसतो. वॉशर बदलायचा तर बेअरिंग दर वेळी पुलरने उपटावं लागतं, आणि दोन-तीनदा उपटलं की नवं बेअरिंगही जायचं. सरकतं बेअरिंग असलं की हवं तितक्या वेळा काढा-घाला. खरं आणि चाचणीचं, दोघांची उंची मायक्रोमीटरने मोजली, फरक अर्ध्या थाऊच्या आत.

जुन्या बाहेरच्या रिंगा पितळी ड्रिफ्टने समान ठोकत काढल्या. बसण्याच्या जागेवर एक बारीक कणही राहिला तर रिंग तिरकी बसते, म्हणून ऑइलस्टोन फिरवून पुन्हा धुतलं.

१२ जानेवारी

पिनियनची खोली. यालाच सगळ्यात जास्त वेळ दिला.

सुरुवात मूळ वॉशरने केली. जुनं बेअरिंग झिजल्यामुळे पिनियन हललं होतं. नवं, पूर्ण उंचीचं बेअरिंग आलं की मूळ वॉशरने ते कारखान्याच्या जागेजवळ जायला हवं. जवळ म्हणतो, कारण बेअरिंग बेअरिंगमध्ये थोडा फरक असतो. शेवटचा निकाल दातांवरचा ठसाच देतो.

ठशासाठी शेंदूर. पूजेच्या दुकानातून पुडी आणली, दोन थेंब तेलात कालवून दाट केला. खरा शेंदूर शिशाचा असतो, त्यामुळे हातमोजे, आणि काम झाल्यावर साबणाने हात. क्राऊनच्या पाचसहा दातांना दोन्ही अंगांनी ब्रशने पातळ लेप दिला. पुतण्याने लाकडाचा ठोकळा लावून क्राऊनला हलका अटकाव केला आणि मी पिनियन पान्याने फिरवलं, आधी पुढे, मग उलटं. भार नसेल तर ठसा पुसट येतो आणि माणूस फसतो.

पहिला ठसा दाताच्या लांबीत बरा, पण उंचीत शेंड्याकडे सरकलेला. शेंड्याकडे म्हणजे पिनियन क्राऊनच्या मध्यापासून दूर आहे, आत घ्यायला हवं. वॉशर ३ थाऊने जाड केला. उमटलेला ठसा पुसला, पुन्हा शेंदूर, पुन्हा फिरवलं.

दुसरा ठसा पाहून पुतण्याही गप्प झाला. सोललेल्या भुईमुगाच्या दाण्याएवढा, लांबट, कडा मऊ विरत गेलेल्या, शेंडा आणि मूळ यांच्या बरोबर मध्ये. लांबीत किंचित आतल्या टोकाकडे, क्राऊनच्या मध्याच्या बाजूला. तो तिथेच हवा. गाडीचा खरा भार आला की हाऊसिंग आणि शाफ्ट सूक्ष्म लवचतात आणि ठसा बाहेरच्या टोकाकडे सरकतो. टेबलावर अगदी मध्यात आणून ठेवला तर रस्त्यावर तो कडेवर जातो. दाताच्या उलट्या अंगाचा ठसाही पाहिला, तोही उंचीने मध्यावर. उंची पिनियनच्या वॉशरने बदलते, लांबी मुख्यतः बॅकलॅशने. हे डोक्यात पक्कं असलं की चुकीची शिम हलवली जात नाही.

मग खरं बेअरिंग. तेलाच्या भांड्यात शंभर अंशांपर्यंत तापवलं, पिनियनवर सोडलं, आपोआप खाली बसलं. ठोकाठोकी नाही.

१४ जानेवारी, संक्रांत

प्रीलोड. दोन टेपर बेअरिंगच्या मधल्या स्पेसरजवळच्या शिमा कमी केल्या की बेअरिंग आवळतात. सील न लावता, नट १४० फूट-पौंडाला आवळून मोजायचं. फ्लँजच्या कडेला दोरी गुंडाळली आणि स्प्रिंगकाट्याने सावकाश ओढली. हवं ते १० ते १२ इंच-पौंड, म्हणजे साधारण साडेअकरा ते चौदा किलो-सेंटिमीटर. फ्लँजची त्रिज्या पाच सेंटिमीटर. शिमा बदलत बदलत काटा अडीच किलोवर स्थिर आला, म्हणजे साडेबारा. पहिला झटका धरायचा नाही, फिरत असतानाचा आकडा धरायचा. हाताला पिनियन जडसर पण मखमली लागतं, कुठे अडत नाही.

मागच्या वेळी कुणी तरी हा नट नुसता अंदाजाने आवळला असणार. बेअरिंग निळं पडायचं कारण मला तेच वाटतं. सील लावला, ओठाला तेल लावूनच. तिळगूळ शेडमध्येच झाला.

१९ जानेवारी

आतले छोटे गिअर नव्या थ्रस्ट वॉशरसकट बसवले. सन आणि प्लॅनेटमध्ये जाणवेल असा प्ले नाही आणि अडतही नाही. पिनचा डॉवेल ठोकून कडेने पंच केला. क्राऊन बसवण्याआधी बसण्याची कड फाईलने नव्हे, ऑइलस्टोनने साफ केली. बोल्ट समोरासमोर आवळत ६० फूट-पौंड, नव्या लॉक प्लेट दुमडल्या. वाकडेपणा पुन्हा मोजला, एक थाऊ.

बाजूच्या बॉल बेअरिंगवर 'थ्रस्ट' असं कोरलेलं असतं, ती बाजू बाहेरच्या दिशेला. दोन्ही बाजूंना २-२ थाऊची चिमट येईल इतक्या शिमा. पहिला बॅकलॅश ९ आला. एका बाजूची ३ थाऊ शिम काढून दुसऱ्या बाजूला, क्राऊनच्या पाठीकडे घातली. एकूण जाडी तीच राहिली म्हणून आवळही तीच राहिली, क्राऊन मात्र पिनियनकडे सरकला. आता बॅकलॅश ६. क्राऊन फिरवत चार जागी मोजलं, साडेपाच ते साडेसहा.

पुन्हा शेंदूर. ठसा जागच्या जागी.

२६ जानेवारी

सकाळी झेंडावंदन, दुपारी गाभा गाडीत. बँजोचं हाऊसिंग आतून पुसून काढलं. ब्रीदर चोंदलेला होता, तारेने मोकळा केला. तो बंद असला की गरम हवेचा दाब सील फोडून तेल बाहेर ढकलतो, आणि ड्रमवर तेल दिसल्यावर लोक सीलला दोष देतात. कागदी गॅस्केट, सिलिकॉनचा पातळ हात. एक्सल शाफ्टची नवी गॅस्केट आणि रबरी रिंगा.

तेल हायपॉईड ईपी (जास्त दाब सोसणारं) ९०. सव्वा लिटरच्या आसपास गेलं आणि फिलरच्या तोंडाशी आलं. गाडी समतल असतानाच भरायचं. साधं इंजिन ऑइल इथे चालत नाही. घसरणाऱ्या दातांमध्ये त्याचा थर टिकत नाही, ईपी तेलातली गंधकयुक्त द्रव्यं धातूवर पातळ आवरण धरतात. तो वास म्हणजे हेच.

२ फेब्रुवारी

चोपड्याच्या रस्त्याने तापीच्या पुलापर्यंत आणि परत. पन्नासच्या वर नेली नाही, वेग बदलता ठेवला, मधे थांबून एक्सल थंड होऊ दिलं. पिनियनजवळ ५८ अंश, नव्या प्रीलोडला हे चालतं. सील कोरडं. घरघर गेली. आता टायरचा आवाज ऐकू येतो आणि मागच्या दाराचं रबर वाजतं तेही. क्लच सोडल्यावरचा ठोका जवळजवळ गेला, जरासा उरलाय.

आबा मागच्या सीटवर बसले होते, डोळे मिटून. पुलावर डोळे उघडले आणि म्हणाले, "आते फक्त रस्ता बोली ऱ्हायना."

१६ फेब्रुवारी

पाचशेच्या आसपास किलोमीटर झाले. आज चार माणसं बसवून धुळ्याला आणि पुढे लळिंगचा घाट. चढावर तिसऱ्या गिअरमध्ये दाबून, उतारावर ॲक्सिलरेटर सोडून. दोन्हीत दात गप्प. पन्नासच्या वेगाला पुन्हा रेकॉर्ड केलं: २८० जवळचं टोक पूर्वीएवढंच बारीक, खालचा पसारा नाहीसा.

परत आल्यावर तेल गरम असतानाच काढलं. बारीक राखाडी धूळ, पापुद्रे नाहीत. नवं भरलं. पिनियनच्या नटावर पांढऱ्या रंगाची रेघ मारली होती, ती सरळ रेषेत आहे. बॅकलॅश, प्रीलोड, वॉशरची जाडी आणि दोन्ही बाजूंच्या शिमा गाडीच्या वहीत लिहून ठेवल्या, पुढे जो उघडेल त्याच्यासाठी. उरलेला ठोका प्रॉपेलरच्या मागच्या क्रॉसचा, म्हणजे सांध्याचा, आहे, हाताने पिळल्यावर कळतो. क्रॉस आणून ठेवलेत, पुढच्या रविवारी ते काम.